कोलकाता, दोहा आणि मधले पाच दिवस

कुवेतविरुद्धची ती बरोबरी मला अजून पचलेली नाही. ६ जून २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, भारत ०, कुवेत ०. भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार सुनील छेत्रीने तीन आठवडे आधी निवृत्ती जाहीर केली होती आणि जवळपास ५९ हजार लोक त्याला निरोप द्यायला आले होते. (पुढे मार्च २०२५ मध्ये तो संघात परतला, पण त्या रात्री हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.) सामना संपल्यावर तो रडला, लोक रडले, टीव्हीसमोर मीही रडले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांचे फोटो होते. तो सामना आपल्याला जिंकायचा होता, ही गोष्ट त्या फोटोंच्या मागे कुठेतरी गेली.

जिंकायचा म्हणजे किती जिंकायचा होता? विश्वचषक पात्रतेची दुसरी फेरी चालू होती. गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान आणि आपण. पहिले दोन संघ तिसऱ्या फेरीत जाणार होते आणि तिथे भारत आजवर कधी पोहोचलेला नव्हता. तिसऱ्या फेरीत गेलं की २०२७ च्या आशिया चषकाचं तिकीटही आपोआप हातात. कतार तर निघून गेलाच होता. उरलेल्या एका जागेसाठी तिघांची झुंज होती, आणि त्या तिघांत कुवेतला त्यांच्याच घरी १-० ने हरवून आपण सुरुवात केली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये मनवीर सिंगने मारलेल्या त्या गोलच्या रात्री आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, या वेळी जमतंय.

तेव्हा ०-० झाल्यावर आमच्या मित्रमंडळींत जी वादावादी झाली, ती मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात रेफ्रीचं नावही नव्हतं. पेनल्टी नाकारली नव्हती, ऑफसाइडचा घोळ नव्हता, कुणाला लाल कार्ड मिळालं नव्हतं. दोष ढकलायला मैदानावर तिसरं कुणी नव्हतंच. त्यामुळे बोलणं झालं ते फक्त खेळावर. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, निरोपाचा सामना आणि निर्णायक सामना एकच ठेवणं हीच मोठी चूक. "अरे, अकरा पोरं छेत्रीला गोल मिळावा म्हणून खेळत होती. गोल व्हावा म्हणून नाही." दुसरा उसळला, "मग काय, चौऱ्याण्णव गोल केलेल्या माणसाला बाकावर बसवायचं? त्याच्या जागी कोण, नाव सांग." नाव कुणालाच सांगता येईना.

खरी दुखरी जागा तीच होती. कुवेतच्या सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीला बदली म्हणून आलेल्या रहीम अलीसमोर फक्त गोलरक्षक उरला होता. चेंडू गोलरक्षकाने अडवला. नंतर तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि बरोबरीचं खापर त्या पोरावर फुटलं. मला ते मुळीच पटलं नाही. एक संधी हुकली म्हणून सामना सुटला असं म्हणायला आधी संधींची रांग लागलेली असावी लागते. आपल्याकडे रांग नव्हती. मनवीरच्या त्या गोलनंतर भारत सात सामने खेळला: कतारकडून ०-३, मग आशिया चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१, अफगाणिस्तानशी ०-०, गुवाहाटीत त्याच अफगाणिस्तानकडून १-२ आणि आता कुवेतशी ०-०. सात सामन्यांत एक गोल, तोही छेत्रीने पेनल्टीवर मारलेला. चालत्या खेळात एकही नाही. इतका मोठा दुष्काळ एका पोराच्या एका फटक्यावर लादता येत नाही.

दुष्काळाचं कारण फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि त्यावर आम्ही वर्षानुवर्षं तेच तेच बोलतो. आयएसएलमधल्या, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांना मैदानावर चार परदेशी खेळाडू उतरवता येत होते. त्यातला एक जण जवळपास नेमाने गोलसमोरच्या जागेवर, म्हणजे नऊ नंबरच्या जागेवर खेळायचा. आपले आघाडीवीर मग कडेला सरकतात. छांगटे, लिस्टन, मनवीर ही मुलं वेगवान आहेत, कडेवरून बचावपटूला चकवून आत येतात, पण गोलकडे पाठ करून उभं राहायचं, दोन सेंटरबॅक, म्हणजे मधले बचावपटू, अंगावर घ्यायचे, चेंडू धरून मधल्या फळीला वर यायला वेळ द्यायचा, हे काम त्यांना आठवडाभर कुणी करायला लावत नाही. राष्ट्रीय शिबिराच्या काही आठवड्यांत ते अंगवळणी पडत नाही. छेत्रीलाही क्लबमध्ये कित्येक वर्षं परदेशी स्ट्रायकरच्या बाजूलाच खेळावं लागलं. तो छेत्री होता म्हणून निभावलं.

प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावरही त्या रात्री बरंच तोंडसुख घेतलं गेलं. काही टीका रास्त होती. कुवेतसारखा संघ मागे दाटी करून बसला की मधून जायला जागा उरत नाही. मग कडेला दोघं-तिघं मिळून त्रिकोण करावे लागतात, एकाने आतून धावत जाऊन बचावपटूला ओढून न्यावं लागतं. आपण त्याऐवजी लांबून क्रॉस टाकत राहिलो आणि पेटीत डोकं लावायला माणसंच कमी. जे मला खटकलं ते जाता जाता सांगते: शेवटच्या वीस मिनिटांत एक गोल पुरेसा असताना आपले दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, एकाच वेळी वर गेल्याचं मला फारसं दिसलं नाही. भीती होती. हरलो तर सगळंच जाईल ही भीती. बरोबरीत थोडं तरी उरतं, असा हिशेब पायांत शिरला होता.

बरोबरीचा हा गुण मला नेहमी अस्वस्थ करतो. १९८१ साली इंग्लंडने विजयाला दोनऐवजी तीन गुण द्यायला सुरुवात केली ती याच भीतीवर इलाज म्हणून, आणि १९९४ पासून विश्वचषकातही तोच हिशेब आला. तेव्हापासून बरोबरी म्हणजे अर्धा विजय उरला नाही. एक गुण मिळतो आणि दोन जातात. पण माणसाच्या मनाला अजून जुनाच हिशेब कळतो. २०२२ च्या विश्वचषक पात्रतेत भारत आठ सामने खेळला, त्यातले चार बरोबरीत सुटले, एक जिंकला, तीन गमावले. आठ सामन्यांत सात गुण. त्या चारांतली पहिली बरोबरी म्हणजे १० सप्टेंबर २०१९ ची, दोहामधली, आशियाचा विजेता असलेल्या कतारविरुद्ध, छेत्री आजारी असताना. गुरप्रीतने त्या रात्री गोल असा राखला की ते ०-० आम्ही विजयासारखं साजरं केलं, आणि ते बरोबरच होतं. पुढच्याच महिन्यात याच सॉल्ट लेकवर बांगलादेशशी १-१. आदिल खानने ८८ व्या मिनिटाला डोक्याने गोल केला म्हणून तेवढं तरी. दोन्ही बरोबऱ्यांना गुण एकच मिळाला. एकीने आपल्याला मोठं केल्यासारखं वाटलं, दुसरीने जमिनीवर आणलं.

तर, कुवेतनंतरचे पाच दिवस. ११ जूनला दोहात कतारशी शेवटचा सामना. कतारने आधीच पात्रता मिळवल्यामुळे बरीच तरुण पोरं उतरवली होती. आमचं सगळ्यांचं गणित चालू झालं: जिंकलो तर निश्चित पुढे. बरोबरी झाली तर कुवेत-अफगाणिस्तान सामनाही बरोबरीत सुटायला हवा. छांगटेने ३७ व्या मिनिटाला गोल केला. सात महिन्यांनी चालत्या खेळातला पहिला गोल! मी ओरडले ते शेजारच्यांना कळलं असेल. भारत चांगला खेळत होता, हे सांगायलाच हवं, कारण नंतर जे घडलं त्याखाली तेही गाडलं गेलं. कोलकात्यात जी भीती दिसली ती दोहात नव्हती. गमावण्यासारखं फारसं नसलं की आपली मुलं मोकळी खेळतात.

आणि मग ७३ वं मिनिट. कतारची फ्री किक, युसुफ आयमेनचा हेडर, गुरप्रीतने तो अडवला, खाली पडला, आणि चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलखांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला. बाहेर म्हणजे स्पष्ट बाहेर. भारतीय खेळाडू थांबले, कॉर्नर मिळणार म्हणून. कतारच्या हाश्मी हुसेनने पायाने तो चेंडू बाहेरून आत ओढला आणि आयमेनने जाळ्यात ढकलला. रेफ्रीने गोल दिला. गुरप्रीत धावत गेला, सगळे गेले, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या फेरीच्या सामन्यांना व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा पंच, नव्हताच. ८५ व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला. कतार २, भारत १. तिकडे कुवेतने अफगाणिस्तानला १-० ने हरवलं होतं. आपण गटात तिसरे.

त्या रात्री जो संताप आला तो खरा होता आणि आजही मी त्यातला कणभर मागे घेणार नाही. चेंडू मैदानाबाहेर जाणं ही काही मताची गोष्ट नाही. हँडबॉलमध्ये हेतू, हाताची स्थिती, अंतर असे दहा फाटे फुटतात. धक्का किती जोराचा होता यावर दोन प्रामाणिक माणसांचं एकमत होणार नाही. पण फुटबॉलचा नववा नियम सरळ आहे: चेंडू जमिनीवरून किंवा हवेतून गोलरेषा किंवा टचलाइन पूर्णपणे ओलांडून गेला की खेळ थांबला. एवढंच. एवढा साधा नियम विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात पाळला जात नसेल तर मुलांनी काय शिकायचं?

आमच्यातला एकजण शाळा-कॉलेजच्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहतो. त्याने त्या रात्री जे सांगितलं ते बाकीच्यांना अजिबात आवडलं नाही, पण मी ते लक्षात ठेवलं. तो म्हणाला, "फ्री किक घेताना लाइन्समन ऑफसाइडच्या रेषेत उभा असतो. हेडर झाला की त्याला गोलरेषेकडे धावत सुटायचं असतं. चेंडू गुरप्रीतच्या अंगाआड, मध्ये चार-पाच पाय. त्याला दिसलं नसेल, हे मी समजू शकतो. पण दिसलं नाही तर गोल द्यायचा नसतो." मला हे फार नेमकं वाटलं. चूक नजरेची असेल तर ती माणसाची चूक. पण सगळा भारतीय बचाव एकाच वेळी का थांबला, गोलरक्षक का थांबला, असा प्रश्नही न पडणं, सहकाऱ्याला बोलावून दोन शब्द न विचारणं, ही नजरेची चूक नाही. तिथे कामात कसूर झाली.

"शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं असतं," हे वाक्य त्यानंतर किती जणांकडून ऐकलं! लहानपणापासून प्रत्येक प्रशिक्षक हे सांगतो आणि मैदानावर ते बरोबरही आहे. पण हे वाक्य ज्या सुरात आपल्याच खेळाडूंना ऐकवलं गेलं तो सूर मला सहन झाला नाही. चेंडू हातभर बाहेर गेलेला डोळ्यांनी दिसत असताना थांबणं हा आळस नाही. नियमावर विश्वास ठेवून ते थांबले. हा सल्ला पुढच्या सामन्यासाठी जरूर द्यावा. झालेल्या अन्यायाचा हिशेब मांडताना मात्र तो बाजूला ठेवावा, कारण त्याने दोष अलगद चूक करणाऱ्याकडून चूक सोसणाऱ्याकडे सरकतो.

आणखी एक गोष्ट. त्याच कतारमध्ये, दीड वर्ष आधी, १ डिसेंबर २०२२ ला जपान-स्पेन सामन्यात असाच प्रसंग घडला होता. जपानच्या मितोमाने गोलरेषेवरून चेंडू आत वळवला, तनाकाने गोल केला. सगळ्या जगाला बाजूच्या कॅमेऱ्यातून चेंडू बाहेर गेलेला दिसत होता. व्हीएआरने वरून, रेषेवरून पाहिलं तर चेंडूच्या गोलाईचा बारीकसा भाग अजून रेषेच्या वर होता. गोल राहिला, जपान २-१ ने जिंकला आणि जर्मनी कोस्टारिकाला हरवूनही घरी गेला. तिथे डोळ्यांना बाहेर दिसलेला चेंडू आत होता. दोहातल्या आपल्या सामन्यात बाहेर गेलेला चेंडू आत धरला गेला आणि तपासायला कुणी नव्हतं. मिलिमीटरचा न्याय श्रीमंत स्पर्धांना मिळतो. खालच्या फेऱ्यांत खेळणाऱ्यांनी हाताएवढ्या चुका गिळायच्या. आशियाई महासंघाने व्हीएआर तिसऱ्या फेरीपासून ठेवला होता. म्हणजे ज्या संघांना तिसरी फेरी गाठणं हीच आयुष्यातली मोठी झेप आहे, त्यांच्या झेपेच्या ऐन क्षणी नजर उघडी ठेवणारं कुणी नाही.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फिफाकडे आणि आशियाई महासंघाकडे तक्रार केली, चौकशीची मागणी केली. निकाल बदलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाचव्या नियमात स्वच्छ लिहिलं आहे की गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल काय, याबाबत रेफ्रीचा निर्णय अंतिम. तक्रार करायलाच हवी होती, यात शंका नाही.

पण त्या तक्रारीच्या धुरळ्यात कोलकात्याचं काय झालं? पाच दिवसांपूर्वी आम्ही जे बोलत होतो, नऊ नंबरची जागा, क्रॉस टाकायची सवय, फुलबॅक वर का जात नाहीत, ते सगळं एका रात्रीत पुसलं गेलं. आता एकच वाक्य: आपल्याला लुटलं. १७ जूनला स्टिमाच यांना काढलं, त्यानंतर भांडण प्रशिक्षक विरुद्ध महासंघ असं झालं आणि खेळाबद्दल बोलणारं कुणी उरलं नाही. मी एकदा गुणांचं गणित मांडून दाखवायचा प्रयत्न केला. कोलकात्यात कुवेतविरुद्ध एक गोल झाला असता तर? भारताचे सात गुण झाले असते. दोहात जे झालं ते तसंच्या तसं घडलं असतं, तो गोलही, तो रेफ्रीही, तो १-२ चा पराभवही, तरी कुवेत अफगाणिस्तानला हरवून सहावरच थांबला असता आणि भारत तिसऱ्या फेरीत असता. गुवाहाटीत अफगाणिस्तानला हरवलं असतं तर? आठ गुण. तरीही पुढे. लुटारू दोहात भेटला हे खरंच, पण घराचं दार आपण आधी दोनदा उघडं टाकलं होतं.

हे बोलल्यावर एका मित्राने मला विचारलं, "म्हणजे तू रेफ्रीची बाजू घेतेस?" मला वाईट वाटलं. चाहत्यांच्या वादात ही एक विचित्र अट असते: एकच दोषी निवडा. रेफ्री म्हणालात तर प्रशिक्षक सुटला, प्रशिक्षक म्हणालात तर तुम्ही अन्यायाला साथ दिलीत. मी दोन्ही म्हणते आणि दोन्ही मोठ्याने म्हणते. दोहात जे झालं ती गंभीर चूक होती आणि तिची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी होती. आणि आपण त्या फेरीत सहा सामन्यांत तीन गोल केले. दोन्ही वाक्यं एकमेकांना कापत नाहीत.

रेफ्रीचा राग इतका सोपा का होतो, याचं कारण मला दिसतं ते असं की रेफ्रीची चूक एका क्षणात मावते. ती दहा सेकंदांत दाखवता येते. फोनवर पाठवता येते. मधल्या फळीतलं अंतर, चेंडू गेल्यावर तो परत मिळवायला लागलेला वेळ, स्ट्रायकर नसणं, या गोष्टी नव्वद मिनिटांभर पसरलेल्या असतात. त्या दाखवायला बसावं लागतं, थांबवून थांबवून पाहावं लागतं आणि समोरच्याला तेवढा धीर हवा. २००९ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत चेल्सी आणि बार्सिलोना स्टॅमफर्ड ब्रिजवर १-१ असे सुटले, तो सामना घ्या. नॉर्वेचे रेफ्री टॉम हेनिंग ओव्हरेबो यांनी चेल्सीच्या पेनल्टीच्या एकामागून एक मागण्या फेटाळल्या आणि भरपाई वेळेत इनिएस्ताने बरोबरीचा तो गोल मारून चेल्सीला स्पर्धेबाहेर काढलं. चेल्सीचे चाहते आजही तळमळतात आणि त्यांना अधिकार आहे, खुद्द ओव्हरेबो यांनी पुढे आपल्या चुका मान्य केल्या. पण त्याच सामन्यात त्यांनी बार्सिलोनाच्या अबिदालला जे लाल कार्ड दाखवलं तेही चुकीचंच होतं असं बहुतेकांचं मत आहे. म्हणजे शेवटची पंचवीसेक मिनिटं बार्सिलोना दहा जणांवर खेळत होता. तरी चेल्सीने दुसरा गोल शोधण्याऐवजी आघाडीवीर द्रोग्बाला बाहेर काढून बचावपटू बेलेट्टीला आणलं. तो निर्णय आठवणारे मला फार थोडे भेटले. पेनल्टीच्या मागण्या मात्र सगळ्यांना क्रमाने पाठ आहेत.

पाहणारा खोटं बोलतो असं नाही. १९५१ साली अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत एक सामना झाला. खेळ त्यांचा अमेरिकन फुटबॉल, पण गोष्ट आपलीच आहे. सामना आडदांडपणे खेळला गेला, हाडं मोडली, दोन्हीकडे आरोप झाले. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे जेवढे नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच. हे वाचल्यापासून मी समोरच्या संघाच्या चाहत्याला लबाड म्हणायचं सोडलं आहे. त्याला खरंच तसं दिसलेलं असतं. म्हणूनच जिथे सगळ्यांना एकच दिसतं, जसं दोहात दिसलं, तिथे आवाज चढवायलाच हवा. आणि जिथे फक्त आपल्यालाच दिसतं, तिथे एकदा फिल्म मागे नेऊन बघायला हवी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हे सगळं पुन्हा समोर आलं. या वेळी आशिया चषकाची पात्रता. गटातून एकच संघ जाणार. बांगलादेशशी शिलाँगमध्ये ०-०, हाँगकाँगकडून ०-१, मग ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये सिंगापूरशी. पूर्वार्ध संपता संपता त्यांनी गोल केला, उत्तरार्ध सुरू होताच संदेश झिंगनला लाल कार्ड. दहा जण, एक गोलने मागे. कार्डावरून आमच्याकडे वाद पेटणार तेवढ्यात ९० व्या मिनिटाला बचावातल्या चुकीचा फायदा उठवत बरोबरीचा गोल झाला. गोल कुणाचा? रहीम अलीचा. ज्या पोरावर कोलकात्याची बरोबरी लादली होती, त्यानेच ही बरोबरी मिळवून दिली. मला झालेला आनंद सांगता येणार नाही, आणि त्या रात्री ज्यांनी त्याला नावं ठेवली होती त्यांना मी ते आठवणीने सांगितलं.

पुन्हा पाच दिवस. १४ ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, त्याच सिंगापूरशी. १४ व्या मिनिटाला छांगटेचा गोल, आपण पुढे, आपलं मैदान, आपले लोक. मग पूर्वार्धाच्या शेवटी साँग उई-यंगचा गोल आणि उत्तरार्धात त्याचाच दुसरा. १-२. आशिया चषक गेला.

दोहाच्या रात्री "लुटलं" म्हणणारा, मला रेफ्रीची बाजू घेतेस का विचारणारा तो मित्र सामना संपल्यावर फोनवर होता. रेफ्रीबद्दल चकार शब्द नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "साँगला दोन्ही वेळा मोकळा कुणी सोडला?" मी म्हटलं, ते बघूच, पण आधी हे सांग, १-० झाल्यावर दुसऱ्या गोलसाठी आपण माणसं किती वर पाठवली. त्याने सामना परत लावला, मीही लावला, आणि पंधराव्या मिनिटापासून आम्ही एकेक चाल थांबवत, मागे नेत पाहायला लागलो. तो सेंटरबॅकवर चिडलेला, मी मधल्या फळीवर. एकमत अजून झालेलं नाही.